वीस महिने, पण कुणाचे?

नबवियाचा दोनदा तलाक झाला होता, आणि दोन्ही वेळा नवरा एकच.

पोर्ट सईदच्या अरबवस्तीत जाऊन मेतवल्ली इस्त्रीवाल्याबद्दल कुणालाही विचारा. माणूस चांगला, निर्व्यसनी, हाताला इतका साफ की त्याच्याकडची घडी आठवडाभर मोडत नाही. पायानं ढकलायची ती जड इस्त्री फळीवर अशी फिरवायचा, तोंडात पाणी धरून कपड्यावर असा बारीक फवारा मारायचा, की रस्त्यानं जाणारा उगाच थांबून बघत राही. पण त्या तोंडात पाणी असेपर्यंतच ठीक. पाणी संपलं की शपथ. बाकीची माणसं देवाची, आईची, नाहीतर डोळ्यांची शपथ घेतात. हा बाबा तलाकाची घ्यायचा. ‘माझ्यावर तलाक, ही इस्त्री कैरोत मिळायची नाही!’ म्हणजे मिळाली, तर घरी बसलेल्या बायकोला तलाक. बायको बिचारी वर मुलुखियाची पालेभाजी निवडतेय, आणि खाली तिचा संसार पणाला लागलाय!

पहिला तलाक गेला खारवलेल्या माशापायी. वसंताच्या सणाला आणलेला मासा नबरोह गावचाच आहे, माझ्यावर तलाक, असं हा चारचौघांत बोलून बसला, आणि विकणारा म्हणाला दमिएत्ताचा. नबविया गादी डोक्यावर घेऊन आईकडे गेली आणि नऊ दिवसांनी मशिदीतल्या शेख तुहामींनी तिला परत आणून घातली. दुसरा त्याहून भारी. ‘बहिणीकडे पाऊल टाकलंस तर तलाक!’ असं हा दुकानातून वर बघून ओरडला, आणि ही तेव्हा बहिणीकडेच बसून चहा पीत होती. तिला काय माहीत? पण शेखसाहेबांनी बोट वर केलं आणि म्हणाले, ‘दोन झाले. तिसरा गेला की मीसुद्धा काही करू शकणार नाही, मेतवल्ली. मग ती तुला परकी. परत आणायची तर तिला आधी दुसऱ्याशी संसार करावा लागेल आणि तोही मोडावा लागेल.’

तेव्हापासून मेतवल्ली सात वर्षं गप्प होता. आता गप्प म्हणजे काय, शपथ गिळत होता. आणि मग आला चोपन्न सालचा ऑक्टोबर.

त्या दिवशी हसनैनच्या कॉफीच्या दुकानातल्या रेडिओभोवती सगळी गल्ली जमली होती. करारावर सह्या झाल्या! कालव्याकाठचं इंग्रजी सैन्य वीस महिन्यांत गाशा गुंडाळणार! तळाची देखभाल करायला त्यांचे थोडे कारागीर सात वर्षं राहतील, पण ते साध्या कपड्यांत. आणि तुर्कस्तानावर किंवा एखाद्या अरब देशावर कुणी चाल केली तर सैन्य परत येऊ शकेल, असंही एक कलम होतं; पण ते ऐकायला थांबतो कोण? पोरं फटाके उडवायला पळाली, बायका गच्चीवरून जीभ वळवळवत आनंदाच्या ललकाऱ्या घालायला लागल्या.

हसनैन मात्र कप विसळत म्हणाला, “जातील हं! माझ्या आजोबांच्या लग्नात आले, तेव्हाही लवकरच जाणार होते. बहात्तर वर्षं जातायत बिचारे.”

“आता करार झालाय,” मेतवल्ली समोरच्या दुकानातून म्हणाला.

“छत्तीस सालीही झाला होता. कालव्यावर दहा हजार शिपाई ठेवू, असं लिहिलं होतं. किती निघाले? ऐंशी हजार! तुला तर माहीतच आहे, तूच त्यांच्या चड्ड्यांना इस्त्री करत होतास.”

हे वर्मी लागलं. मेतवल्लीनं बंदरावरच्या नेव्ही हाऊस या इंग्रजी ठाण्याच्या धोबीखान्यात अकरा वर्षं इंग्रजांचे गणवेश कडक केले होते, खरं आहे. पण एक्कावन्न साली सरकारनं तो जुना करार फाडला आणि तळावरच्या माणसांना बाहेर यायला सांगितलं, त्या दिवशी हाच माणूस खांद्यावर इस्त्री टाकून फाटकातून बाहेर पडला होता. त्यानंतर वर्षभर घरात नुसत्या वालाच्या घुगऱ्या शिजल्या, पण खाकी कपड्याला त्यानं हात लावला नाही. त्या माणसाला भर गल्लीत चड्ड्यांवरून बोलायचं?

मेतवल्लीनं इस्त्रीवरून पाय काढला, रस्त्याच्या मधोमध आला आणि सात वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं. “ऐका रे सगळे! माझ्यावर तलाक, तिसरा! शेवटचा इंग्रज गेल्याशिवाय माझ्या पोरीचा, बहीगाचा निकाह होणार नाही, आणि वीस महिने भरले की त्या निकाहाला एका दिवसाचाही उशीर होणार नाही!”

वर सज्जात नबवियाच्या हातातली परात पडली, आणि मुलुखियाची पानं खाली हसनैनच्या डोक्यावर.

“अरे मेल्या,” ती ओरडली, “भांडण तुझं आणि इंग्रजांचं! मला कशाला मध्ये घातलंस?”

पण शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून नबवियानं महिने मोजायला घेतले. इस्त्रीवाल्याच्या घरात बिनमालकाच्या बटणांना तोटा नसतो. तिनं एक जाड दोरा घेतला, आणि दर नव्या चंद्राला एक बटण ओवायचं ठरवलं. हसू नका. रमजान चंद्रावर, ईद चंद्रावर, बाप हजला गेला तो चंद्रावर, पोरगी पोटात राहिली तेव्हाही तिनं चंद्रच मोजले होते. महिना म्हणजे आणखी काय असतं? मेतवल्लीलाही तसंच वाटत होतं, गल्लीलाही तसंच वाटत होतं.

बहीगा एकोणीस वर्षांची होती, आईसारखीच तरतरीत. तिचा ठरलेला मुलगा बद्री. होडी घेऊन भर कालव्यात जायचं, थांबलेल्या जहाजाला भिडायचं आणि वर दोर फेकून चामड्याचे उंट, पिशव्या, टोप्या विकायच्या, हा त्याचा धंदा. सात भाषांत घासाघीस करायचा आणि सातही भाषांत शिव्या खायचा. पण त्या धंद्यामुळे गल्लीला बातम्या ताज्या मिळत. “मावशी, आज एक जहाज भरून गेलं!” तो खालून ओरडायचा. “मावशी, आज तोफा चढवल्या!” नबविया सज्जातून सर्बत पाठवायची. सात बटणं झाली, बारा झाली, सतरा झाली. फायीदकडचे तंबू उठले, इस्माइलियाच्या छावण्या रिकाम्या झाल्या. नबविया बाजारात ताठ चालायला लागली. आपल्या नवऱ्याच्या बाष्कळ जिभेतून एकदा तरी शहाणपण बाहेर पडलं, असं तिला खरोखर वाटायला लागलं होतं.

विसावं बटण पडलं छप्पन्न सालच्या रमजान ईदला. करार झाला त्या दिवसापासून हिशेब धरला, तर वीस महिने ईदच्या त्या शव्वाल महिन्याच्या एकविसाव्या दिवशी, शुक्रवारी भरत होते. निकाह ठरला. शेखसाहेबांना सांगणं झालं, वाजवणारे ठरले, स्टाव्रो वाण्याकडून सर्बताची साखर आली. आणि ईदच्या दुसऱ्या आठवड्यात नबविया बहीगाला घेऊन, फिरायला म्हणून, नेव्ही हाऊसवरून आली.

ती घरी आली तेव्हा तोंडचं पाणी पळालेलं होतं.

“मेतवल्ली, तिथे अजून झेंडा आहे.”

“असेल. काढायचा राहिला असेल.”

“झेंडा राहील रे, चड्ड्या कशा राहतील? मी मोजल्या. तेवीस खाकी चड्ड्या दोरीवर वाळतायत!”

मेतवल्लीनं कान टवकारले. “इस्त्री कशी होती?”

“जळली मेली तुझी इस्त्री!” तिनं हातातला पंखा त्याच्या अंगावर भिरकावला. “माणसं आहेत तिथे! इंग्रज! अजून गेलेले नाहीत!”

मग कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. शुक्रवारी निकाह लावला, तर इंग्रज अजून इथेच, तलाक. नाही लावला, तर वीस महिने उलटून उशीर झाला; तलाक. स्वतःच्या शपथेनं त्यानं स्वतःला दोन्ही बाजूंनी बांधून घेतलं होतं.

“आई, मी लग्नच करत नाही,” बहीगा म्हणाली.

“तरी उशीर झाला तो झालाच ना, शहाणे!”

बद्री डोकं खाजवत म्हणाला, “मावशी, सरकारचा कायदा आहे म्हणे. असल्या शपथेनं तलाक होत नाही.”

“सरकार येणार आहे माझ्या कबरीत जबाब द्यायला? हराम म्हणजे हराम! अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाची ताटं वाढली, त्याच्या घरात उद्या परकी बाई म्हणून राहू? गल्ली काय म्हणेल ते राहू दे, मीच माझ्या तोंडात शेण घालीन.”

हसनैन? तो काय, समोर बसून मजेत कॉफी ढवळत होता. “मेतवल्ली, शुक्रवारी मी कुठल्या बाजूनं जेवायला येऊ? लग्नाच्या की सोडचिठ्ठीच्या?” त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मेतवल्लीनं एक जळका डाग पाडला, तोही शेखसाहेबांच्याच झब्ब्यावर.

बुधवारी सकाळी नबविया साखरेची पोती परत करायला स्टाव्रोकडे गेली. स्टाव्रो ग्रीक, पण जन्म इथलाच, आणि अरबी आमच्याहून घाणेरडी बोलायचा.

“परत? सर्बत काय मिठाचं करणार?” तो म्हणाला.

नबवियाला तिथेच रडू फुटलं. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. करार, शपथ, वीस बटणं, तेवीस चड्ड्या. दोरासुद्धा कमरेतून काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. स्टाव्रोनं बटणं मोजली. मग कपाळावर आठ्या घालून त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“बटणं कशावरून ओवलीस?”

“कशावरून म्हणजे? चंद्रावरून.”

“आणि इंग्रज चंद्रावरून जातात असं तुला कुणी सांगितलं?”

नबविया डोळे पुसायची थांबली.

स्टाव्रोनं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपसलं. रोज एक पान फाडायचं ते. ते तर प्रत्येक दुकानात असतं, पण नबवियाला वाचता येत नव्हतं, आणि मेतवल्लीला येत असून उपयोग नव्हता. “हे बघ बाई. पान एक, तारखा तीन. ही तुमची, एकोणीस शव्वाल. ही शेतकऱ्यांची, कॉप्टिक, बशन्सची बावीस. आणि ही फिरंग्यांची, तीस मे. इंग्रज पगार कुठल्या तारखेला घेतो? या! रजा कुठल्या तारखेला घेतो? या! मग करार काय तुझ्या बटणांवर करेल?” त्यानं करार झाला त्या एकोणीस ऑक्टोबरपासून बोटांवर महिने मोजले, एकदा अरबीत आणि खात्रीसाठी पुन्हा ग्रीकमध्ये. “तुमचा महिना आखूड असतो, त्यांचा लांब. त्यांचे वीस महिने भरतात अठरा जूनला.”

“अठरा जून! म्हणजे?”

“म्हणजे अजून एकोणीस दिवस.”

“पण त्यांना चंद्र नाही का रे, स्टाव्रो?”

“त्यांच्याकडे ढगच एवढे, दिसणार कुठून!”

नबविया पळाली. पंचेचाळीस वर्षांची बाई, अंगाभोवतीची काळी मिलाया चादर खांद्यावरून सुटलेली, एक चप्पल स्टाव्रोच्या दुकानात, आणि तोंडानं “अठरा जून! अठरा जून!” दुकानात शिरून तिनं मेतवल्लीची बाही धरली. त्याच्या तोंडात फवाऱ्याचं पाणी होतं, ते त्यानं गडबडीत गिळलं. तसाच ओढत ती त्याला मशिदीत घेऊन गेली, आणि पाठोपाठ हसनैन, बद्री आणि निम्मी गल्ली.

शेख तुहामींनी सगळं ऐकून घेतलं. डाग पडलेला झब्बा त्यांच्या अंगावरच होता. “मेतवल्ली, खरं बोल. शपथ घेतलीस तेव्हा तुझ्या मनात कुठले महिने होते?”

“करारातले, शेखसाहेब! हसनैन कराराला नावं ठेवत होता, मी कराराची बाजू घेत होतो. करारात जे वीस महिने, ते माझे वीस महिने.”

“मग करारातले महिने ज्यांचे, तेच तुझ्या शपथेतले. मुदत अठरा जून.”

नबवियानं भिंतीला टेकून श्वास सोडला. पण हसनैन काडी टाकायची संधी सोडणाऱ्यातला नव्हे. “आणि साध्या कपड्यांतले ते कारागीर? ते सात वर्षं राहणार आहेत, करारातच लिहिलंय. ते काय चिनी आहेत?”

पुन्हा सगळे मेतवल्लीकडे बघायला लागले. शेखसाहेब म्हणाले, “हं. इंग्रज म्हणताना तुझ्या डोळ्यापुढे कोण होतं?”

आता इथे मात्र मेतवल्ली तोंडात पाणी न घेता बोलला, आणि फार चांगलं बोलला. “शेखसाहेब, मी अकरा वर्षं इंग्रज हातानं चाचपलाय. खाकी शर्ट, बाहीला तीन घड्या. खाकी चड्डी, बोट कापेल अशी धार. त्या कपड्यात तो असला की रस्ता त्याचा, कालवा त्याचा, मी त्याचा. तोच माणूस रविवारी पट्ट्यापट्ट्याचा सदरा घालून आला, तर मला ‘उस्ताद, जरा लवकर देतोस का’ म्हणायचा. साध्या कपड्यातला माणूस म्हणजे गिऱ्हाईक! माझ्या शपथेतला इंग्रज खाकीतला.”

“बरोबर आहे!” बद्री मध्येच ओरडला. “पेपरात आलं होतं! दोन्ही सरकारं कित्येक दिवस याच एका गोष्टीवर अडून बसली होती, की मागे राहणाऱ्यांनी गणवेश घालायचा की नाही!”

“म्हणजे सरकारलाही तेच कळलं जे या इस्त्रीवाल्याला कळलं,” शेखसाहेब हसून म्हणाले. “मान्य.”

नबवियानं दाराआडून विचारलं, “आणि ते परत यायचं कलम? ते परत आले तर माझा तलाक परत येईल का?”

“शपथेत जाणं आहे, पोरी. परत येणं नाही.”

“आणि अठरा तारखेपर्यंत नाही गेले तर?” हसनैननं विचारलं.

मेतवल्ली उसळून म्हणाला, “जाणार! माझ्यावर त—” आणि नबवियानं पुढे होऊन सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर हात दाबला. असा दाबला की त्याची पगडी मागे पडली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सगळ्या गल्लीचा जीव टांगणीला लागला होता. कुणी म्हणे उद्या जाणार, कुणी म्हणे मुदत वाढवून मागितली. बद्री दिवसातून चार चकरा नेव्ही हाऊसच्या धक्क्यावरून मारायचा आणि दोरीवरच्या चड्ड्या मोजून यायचा. तेवीस. एकोणीस. पुन्हा तेवीस! त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

एका दुपारी मेतवल्ली वर आला तर नबविया गाठोडं बांधत होती. गादी, दोन झगे, उशी.

“हे कशाला?”

“दोनदा घाईनं गेले. दोन्ही वेळा उशी विसरले. या खेपेला विसरायची नाही.”

तो उंबऱ्यावरच बसला. “नबविया, तू चिडलीस माझ्यावर?”

चिडली होती का? ती संतापानं जळत होती. इंग्रजांवर नव्हे. ते काय, आले तसे जातील, कराराप्रमाणे, नाहीतर करार मोडून. त्यांच्याशी निदान मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं बसून बोलली. कधी जायचं, किती जणांनी, कुठल्या कपड्यांत, सगळं लिहून घेतलं. आणि ती? या घरात ती किती दिवस राहणार, कधी जाणार, हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. एक मासा, एक कप चहा, एक कॉफीवाला, कशावरही तिला घराबाहेर काढता येत होतं. हे सगळं तिच्या मनात होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघितलं तर ते इतकं बिचारं झालेलं होतं की ती एवढंच म्हणाली, “दोरी आण. ही आखूड पडते.” त्यानं दोरी आणली, आणि स्वतःच गाठ मारून दिली, रडत रडत.

तेरा जून, बुधवार. नुकतं उजाडलं होतं, नबविया चूल पेटवत होती, आणि खालून अशी आरोळी आली की गल्लीतली कबुतरं उडाली.

“गेले! मावशी, गेले! गेले!”

बद्री ओलाचिंब होता. धक्क्याला होडी बांधायलाही तो थांबला नव्हता, सरळ उडी मारून पोहत आला होता. “माझ्या डोळ्यांनी पाहिलं! अंधार होता तेव्हाच सगळे जहाजावर चढले, ना बँड ना सलामी! मुदतीच्या आधी पाच दिवस!”

मग काय विचारता! दारं उघडी टाकून माणसं धावली. हसनैन दुकान उघडं टाकून धावला, स्टाव्रो धोतरासारखी चादर गुंडाळून धावला, शेख तुहामी पंच्याहत्तरीचे, पण तेही काठी खांद्यावर टाकून धावले. मेतवल्ली सगळ्यांच्या पुढे, अनवाणी. नेव्ही हाऊसच्या फाटकात आपले शिपाई उभे होते, आपले! त्यांच्यातल्या एका तरण्या अंमलदाराचे दोन्ही दंड मेतवल्लीनं धरले.

“साहेब, शेवटचा गेला? नक्की शेवटचा?”

“शेवटचा, काका.”

“आचारी? हजाम? एखादा आजारी, खाटेवर पडलेला?”

“मांजरसुद्धा नाही, काका! पण तुम्हाला एवढं काय झालंय?”

“माझी बायको वाचली!” मेतवल्ली ओरडला आणि त्या अंमलदाराच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मागे नबविया धापा टाकत उभी होती. वाळत घालायची दोरी रिकामी होती, अंगण रिकामं होतं. सकाळच्या वाऱ्यात झेंड्याविना नुसती काठी उभी. तिला एकदम हसू यायला लागलं, आणि थांबेना. बायका तिला मिठ्या मारत होत्या, कुणी सिमसिमियाच्या तारा छेडायला लागलं होतं, आणि हसनैन, तोच हसनैन, रस्त्यावर नाचत होता आणि “मी म्हणत नव्हतो?” असं प्रत्येकाला सांगत होता.

निकाह दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर. एक दिवससुद्धा उशीर नाही! साखर परत आली, शेजारपाजारच्या खुर्च्या आल्या, गल्लीवर कापड ताणलं गेलं. शेख तुहामींनी मोठी वही उघडली. बद्री नव्या सुटात, बोट कापेल अशी धार असलेल्या, घामाघूम. मेतवल्ली त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून. बायका आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं.

“मेहेरची रक्कम ठरली आहे. आणखी काही अटी?” शेखसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, आणि रिवाजाप्रमाणे उत्तराची वाट न बघता दौतीत टाक बुडवला.

“आहे. एक अट आहे,” आतून आवाज आला.

माणसं हसली. कुणाला वाटलं बांगड्यांचं असेल, कुणाला वाटलं शिवणयंत्राचं. नबविया दारात येऊन उभी राहिली. तिनं मिलाया कमरेशी खोचली.

“तलाकाचा हक्क मुलीच्याही हातात. वहीत लिहा.”

हसू जागच्या जागी विझलं. तसा हक्क शास्त्रात आहे, बड्या घरच्या मुलींच्या वहीत लिहितातही. पण आमच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या मुलीसाठी, तो कुणी कधी मागितला नव्हता. बद्रीचा चेहरा लाल झाला. “मावशी, माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्यावर आहे रे, राजा. पुरुषाच्या जिभेवर नाही. माझ्या नवऱ्यावर माझा अठ्ठावीस वर्षं विश्वास आहे, आणि त्यातले हे वीस महिने मी गाठोड्यावर काढले.”

“अगं बाई, वहीत लिहून काय होतं?” हसनैन म्हणाला. “छत्तीस सालीही लिहिलंच होतं!”

“लिहिलं होतं म्हणून फाडता आलं!” नबविया त्याच्यावर अशी गरजली की तो खुर्चीत मागे सरकला. “कागद फाडता येतो, हसनैन. त्याच्या तोंडातून गेलेलं मी काय फाडू?”

शेखसाहेबांनी टाक थांबवला. “नवरामुलगा कबूल असेल तर लिहीन. पण आधी वडील. मेतवल्ली, तुझं काय म्हणणं?”

सगळी गल्ली मेतवल्लीकडे बघत होती. त्याची मान वर आली, छाती फुगली, ओठ उघडले. ते जुनं वाक्य त्याच्या जिभेवर आलेलं नबवियाला दिसलं, आणि तिचे डोळे मिटले गेले. पण ते वाक्य आलं नाही.

“लिहा,” तो म्हणाला. मग खाली बघत, अगदी हळू, “मी हिला अठ्ठावीस वर्षं नुसतं तोंडी ठेवलं, शेखसाहेब. पोरीचं लिहा.”

बद्रीनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा दाराआडच्या बहीगाकडे पाहिलं, आणि सातही भाषा विसरून गेल्यासारखा म्हणाला, “कबूल.”

टाक वहीवर करकरायला लागला. आता आईनं ललकारी घालायची, तसा रिवाज. पण नबविया त्या टाकाकडे बघत राहिली, ललकारीचं तिला भानच नव्हतं. नवरीनं स्वतःच्या निकाहात ललकारी घालायची नसते, आमच्याकडे ते फार निर्लज्जपणाचं समजतात. बहीगानं घातली, आणि शेखसाहेबांची ओळ पुरी होईपर्यंत थांबली नाही.